सरकारी वकिलाला जाब कोण विचारणार?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, रेंज नाही किंवा शेजारी कुणीतरी झोपलंय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना माझं जे सारखं "म्हणजे, म्हणजे" होतं तेवढं काढून टाकलंय आणि काही कलमांचे आकडे घातलेत. बाकी सगळं ऑडिओत आहे तेच.

विषय एका श्रोत्याने सुचवला. त्याचा मेसेज असा होता: "दादा, एखादा माणूस दहा-पंधरा वर्षं जेलात राहून निर्दोष सुटला की बातमी येते. पण ज्यांनी त्याला आत घातलं त्यांचं पुढं काय झालं, ही बातमी कधीच येत नाही. असं का?" आता मी काही वकील नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो, आणि सध्या कड्यात घरी बसून पुण्यातल्या टीमचं काम करतो. पण सर्वोच्च न्यायालयाचे निकाल साइटवर फुकट मिळतात आणि ते कुणीही वाचू शकतो. या विषयासाठी मी पुरे तीन रविवार घातले. पोलिसांबद्दल आपण सगळेच बोलतो, न्यायाधीशांबद्दल दबक्या आवाजात बोलतो, पण मधे एक माणूस उभा असतो, काळ्या कोटातला, त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. तो म्हणजे सरकारी वकील. आजचा भाग त्याच्यावर.

आधी केस सांगतो, मग कायदा. उलट केलं तर तुम्ही पाचव्या मिनिटाला दुसरं काहीतरी लावाल, मला माहितीय.

पेरूची बाग, जून २००३

५ जून २००३. नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत झोपडी करून एक कुटुंब राहत होतं. रात्री काही अनोळखी माणसं आली, लूटमार केली. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. घरातले दोघं जखमी होऊन वाचले, त्यातली एक बाई. या दोघांची साक्ष हाच पुढच्या सगळ्या खटल्याचा पाया.

आता ही तारीख लक्षात ठेवा: ७ जून २००३. म्हणजे घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी-तिसऱ्या दिवशी. त्या बाईंना पोलिसांकडचा सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवण्यात आला. त्यातून त्यांनी चार जण ओळखले. हे विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर झालं, म्हणजे कुणीतरी कानात सांगितलेली गोष्ट नाही, रीतसर नोंद झालेली गोष्ट आहे. आठवण एकदम ताजी, साक्षीदार स्वतः जखमी, आणि बोट चार ठरावीक चेहऱ्यांवर.

ते चौघं आरोपी झालेच नाहीत.

नंतर पोलिसांनी सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले, मजुरी करून जगणारे लोक. अल्बममधून ओळखलेल्या चौघांपैकी यात कुणीच नव्हतं. खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला आणि जून २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने काय केलं? ज्या तिघांना जन्मठेप झाली होती त्यांनाही परत फाशी दिली. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, आणि सहाच्या सहा फाशी. सगळा विषय संपला, असंच कुणालाही वाटेल.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा ऐकायला घेतलं. ५ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. निकालाचं नाव "अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य". सर्च करताना एक काळजी घ्या, याच नावाचा २००९ चा निकालही सापडतो. दोन्ही एकापाठोपाठ वाचले तर डोकं गरगरतं. आरोपी तेच, साक्षीदार तेच, घटना तीच. एका निकालात माणसं इतकी क्रूर की फाशीशिवाय पर्याय नाही, आणि दुसऱ्यात त्यांच्याविरुद्ध भरवशाचा पुरावाच नाही.

मधली १६ वर्षं त्या सहा जणांची जेलमध्ये गेली. त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. त्यांच्यातला एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा कित्येक वर्षांनी सिद्ध झालं.

२०१९ च्या निकालात कोर्टाने बोट ठेवलं ते त्या अल्बमवरच. बाईंनी चौघांना ओळखलं होतं, तर त्यांचा तपास का नाही झाला? त्यांच्यावर खटला का नाही? सरकारी पक्षाकडे याचं काहीच समाधानकारक उत्तर नव्हतं. तपास निःपक्ष झाला नाही, आणि निःपक्ष तपास व निःपक्ष खटला हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं. प्रत्येकी ५ लाख रुपये पुनर्वसनासाठी द्यायला सांगितले.

मी सहज कॅल्क्युलेटर काढला. १६ वर्षं म्हणजे ५,८४० दिवस. ५ लाख भागिले ते. दिवसाला साधारण ८६ रुपये. त्या वर्षी रोजगार हमीवर खडी फोडायला गेलं तरी दिवसाला २०० च्या पुढे मिळत होते.

आणि जे पाच जण मेले, त्यांच्या घरच्यांचं काय? खरे गुन्हेगार कोण, हे १६ वर्षांनंतरही ठरलं नव्हतं. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की एकावर अन्याय होतो असं आपण म्हणतो. हिशोब तसा नसतो. पीडित कुटुंबही तितकंच फसवलं जातं, फक्त त्यांना ते उशिरा कळतं.

हा माणूस नेमका कुणाचा वकील?

आता सरकारी वकिलाकडे येऊ. आपल्याकडं सरसकट समज असा की आरोपीचा वकील आरोपीला सोडवायला, आणि सरकारी वकील त्याला आत घालायला. क्रिकेटसारखं, दोन टीम. सिनेमातही तसंच दाखवतात. कायद्यात तसं अजिबात नाही.

तालुक्याच्या कोर्टात, म्हणजे आपल्याकडं आष्टीला, मॅजिस्ट्रेटसमोर सरकारतर्फे जो उभा राहतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. तो एमपीएससीची परीक्षा देऊन येतो. तुमच्यातले काही जण लायब्ररीत बसून त्याचीच तयारी करत असतील. खून, दरोडा अशा केसेस सत्र न्यायालयात चालतात, तिथं सरकारी वकील नेमायला किमान ७ वर्षांची वकिली लागते. कायद्यात पद्धत अशी की जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी बोलून नावांचं पॅनेल करतात आणि राज्य सरकार नेमणूक करतं. टीव्हीवर गाजलेली केस असली की विशेष सरकारी वकील येतो, त्याला १० वर्षांची वकिली हवी.

यांच्याबद्दल एक गोष्ट लई महत्त्वाची, आणि तिचा धागा महाराष्ट्रातूनच जातो. पूर्वी राज्यात सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात होते. बॉस पोलीस, मग पोलिसांनी आणलेल्या केसला "साहेब, यात दम नाही" असं कोण म्हणणार? १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यांना पोलीस खात्यापासून वेगळं करा, स्वतंत्र संवर्ग तयार करा. त्याच्या आदल्याच वर्षी, हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या टाडाच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतःचं डोकं वापरायचं असतं, पोलिसांकडून आलेला कागद फक्त पुढं ढकलणारं पोस्ट ऑफिस व्हायचं नसतं. १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या निकालात आणखी स्पष्ट केलं: काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवण्याची तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा असेल आणि आरोपीच्या वकिलाच्या लक्षात आला नसेल, तर तोसुद्धा सरकारी वकिलाने कोर्टासमोर ठेवायचा.

म्हणजे खरं तर तो तुमचा-माझा वकील आहे. समाजाचा. खरं शोधायला कोर्टाला मदत करणारा.

आता ही कसोटी नाशिकच्या केसला लावा. चार्जशीट पोलिसांनी केली, मान्य. पण ७ जूनची ओळख पोलिसांच्या रेकॉर्डवर होती. सरकारतर्फे जो कुणी पहिल्यांदा ती फाइल हातात घेईल, त्याला एक प्रश्न पडायला हवा होता: बाईंनी ओळखलेले चौघं कुठंयत? नाशिक, मुंबई, दिल्ली, तीन कोर्टांत सरकारतर्फे कोण ना कोण उभं राहिलं. प्रत्येक ठिकाणी फाशी मागितली गेली, जिथं जन्मठेप झाली तिथं ती वाढवून मागितली गेली. हा प्रश्न निर्णायक ठरायला २०१९ उजाडलं.

मग जाब?

कागदावर रस्ते भरपूर आहेत. फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्यात कुणाला अडकवण्यासाठी खोटा पुरावा देणं किंवा तयार करणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १९४, आता भारतीय न्याय संहितेचं २३०. मुद्दाम खोटा आरोप लावला तर आता कलम २४८. वकील म्हणून गैरवर्तन केलं तर वकिलांच्या कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार. ऐकायला मजबूत वाटतं ना?

पण प्रत्येक दारावर कुलूप आहे. पहिलं कुलूप परवानगीचं. कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीबद्दल सरकारी सेवकावर खटला भरायचा तर बहुतेक वेळा आधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. नव्या कायद्यात एक बरी गोष्ट आली, सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाहीतर मंजुरी मिळाली असं समजायचं. दुसरं कुलूप त्याहून मोठं: "मुद्दाम" हे सिद्ध करायचं. कागद लपवला की नजरेतून सुटला? १६ वर्षांनी कोण सांगणार? आणि तिसरं, हे सगळं कुणी करायचं तर १६ वर्षांनी जेलमधून बाहेर आलेल्या मजुराने, ज्याच्याकडे गावी जायला एसटीचं भाडं असेल-नसेल.

भरपाईचं तर विचारूच नका. पोलिसांना विनाकारण कुणाला अटक करायला लावली, तर ज्याने लावली त्याच्याकडून भरपाई मिळते, अशी तरतूद आपल्या प्रक्रिया कायद्यात आहे. नव्या संहितेत तिचं कलम ३९९. रक्कम? जास्तीत जास्त १,००० रुपये. कायदा नवा, जुलै २०२४ पासून लागू, आकडा तोच. एवढ्यात कड्याच्या बाजारात आठवड्याची भाजी आणि किराणा धड बसत नाही.

मोठी भरपाई मिळते ती उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या मनावर. १९८३ मध्ये रुदुल साह या बिहारच्या माणसाला, निर्दोष सुटूनही १४ वर्षं जेलात ठेवल्याबद्दल, एकूण ३५,००० रुपये मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले, आणि त्यांना अडकवणाऱ्या अधिकाऱ्यांबाबत समितीही नेमली गेली. नंबी नारायणन यांच्यावर सिनेमा निघाला. बागेच्या केसमधल्या सहा जणांची नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली होती?

आणि भरपाई कुणाच्या खिशातून जाते? सरकारी तिजोरीतून. तुमच्या-माझ्या टॅक्समधून. चूक करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ क्रमांकाचा अहवाल याच विषयावर दिला. चुकीचा खटला चालवला गेला तर जिल्ह्यात विशेष न्यायालय असावं, तिथं माणूस भरपाई मागू शकेल, आणि गैरप्रकार पोलिसांचा असो की सरकारी वकिलाचा, दोन्ही त्यात धरावेत, अशी शिफारस. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले. एवढी मोठी दुरुस्ती चालू असताना हे घालायला जागा होती. घातलं नाही. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा म्हणावं लागलं की अशा लोकांच्या भरपाईचा कायदाच आपल्याकडे नाही, हे संसदेने बघावं.

(मधेच एक. बऱ्याच जणांनी विचारलं की ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोटांवर भाग का नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या १२ जणांना निर्दोष ठरवलं हे खरं, पण सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका असं तिथं ठरलं. शेवटचा शब्द लागेपर्यंत मी थांबणार. बागेच्या केसमध्ये शेवटचा शब्द लागलेला आहे, म्हणून ती घेतली.)

मोजमापच चुकलंय

आता माझा खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हा भाग केला.

जानेवारी २०१४ मध्ये गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक जबरदस्त आदेश दिला. प्रत्येक राज्याने पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती करायची. आरोपी सुटला की ती केस तपासायची, कुणाच्या चुकीमुळे सुटला ते शोधायचं, आणि दोषी अधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई करायची. पोलीस असो की सरकारी वकील. बागेच्या केसमध्येही २०१९ ला याच वाटेने आदेश झाला: राज्याच्या गृह विभागाने बेजबाबदार अधिकारी कोण ते ओळखावं, आणि ते नोकरीत असतील तर खात्यामार्फत कारवाई करावी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, झालं की, हेच तर पाहिजे होतं. दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. समिती प्रश्न काय विचारते? "आरोपी का सुटला?" म्हणजे सुटणं ही चूक. केस हरली ही चूक. आता तुम्ही सरकारी वकील आहात असं समजा. फाइलमध्ये आरोपीच्या बाजूचा एक कागद आहे. तो कोर्टाला दाखवला तर आरोपी सुटणार, आणि सुटला की तुमचं नाव समितीसमोर. नाही दाखवला तर शिक्षा होणार, आणि शिक्षा झालेल्या केसकडे समिती बघतच नाही. काय कराल?

आमच्या क्षेत्रात ही गोष्ट रोज दिसते. टेस्टरला "किती बग निघाले नाहीत" यावर मार्क दिले, की बग निघेनासे होतात. सॉफ्टवेअर सुधारलेलं नसतं, लोक शोधणं बंद करतात. तसंच शिक्षेचं प्रमाण, ज्याला बातम्यांत कन्व्हिक्शन रेट म्हणतात. ते वाढलं की मंत्री, अधिकारी सगळे अभिमानाने सांगतात. पण २००९ मध्ये बागेच्या केसने त्या आकड्यात भरच घातली होती! सहापैकी सहा. शंभर टक्के यश. तेव्हा कुठल्याही समितीने ती फाइल उघडली नसती.

म्हणून जाब विचारायचा तर "का हरलात" हा प्रश्न कामाचा नाही. "तुमच्याकडे काय होतं आणि कोर्टापुढे काय ठेवलं" हा विचारायला पाहिजे. आणि तो शिक्षा झालेल्या केसलाही लावायला पाहिजे.

यात एक फरक मात्र करावा लागेल, नाहीतर आपण चांगल्या माणसांनाही भरडू. सर्व्हर पडला की आम्ही काय चुकलं ते लिहून काढतो, आणि त्यात कुणाला दोष द्यायचा नाही असा नियम असतो. कारण भीती वाटली की माणसं चूक लपवतात. प्रामाणिक चुकीला हाच नियम बरोबर. एकेका सरकारी वकिलाकडे फायलींचा ढीग असतो, सकाळी हातात आलेली केस दुपारी चालवावी लागते. अशा माणसाच्या नजरेतून पान सुटलं तर त्याला जेलमध्ये टाकून काही मिळणार नाही. पण चूक झाल्यावर कुणी लॉगच डिलीट केले, तर आमच्याकडं त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. पुरावा दाबणं म्हणजे लॉग डिलीट करणं. त्याला कामाच्या ढिगाचं कारण चालत नाही.

अमेरिकेत काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण "तिकडं बघा कसं असतं" असं म्हणणारे कमेंटमध्ये येणारच. तिकडं तर सरकारी वकिलावर खटल्यातल्या कामासाठी नुकसानभरपाईचा दावाच लावता येत नाही, १९७६ पासून त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण संरक्षण दिलंय. न्यू ऑर्लिन्समधल्या जॉन थॉम्पसन या माणसाची फाशी काही आठवड्यांवर आली होती, तेव्हा सरकारी वकिलांनी दाबलेला रक्ताचा रिपोर्ट सापडला. १८ वर्षं जेलात गेली होती. ज्युरीने १ कोटी ४० लाख डॉलर मंजूर केले, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केले. म्हणजे तिकडंही आनंदच आहे.

पण टेक्सासची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मायकल मॉर्टन या माणसाला बायकोच्या खुनासाठी १९८७ मध्ये जन्मठेप झाली. त्याच्या लहान मुलाने, बाबा तेव्हा घरी नव्हते, असं सांगितलं होतं. तो कागद सरकारी वकील केन अँडरसनने बचाव पक्षाला दिलाच नाही. डीएनए तपासणीमुळे २०११ मध्ये मॉर्टन सुटला, साधारण २५ वर्षांनी. अँडरसन तोवर न्यायाधीश झाला होता. २०१३ मध्ये त्याला १० दिवसांची कैद झाली आणि वकिलीचं लायसन्स सोडावं लागलं. पंचवीस वर्षांना दहा दिवस, हिशोब हास्यास्पद आहे. पण त्याच वर्षी टेक्सासने मॉर्टनच्या नावाने कायदा केला: सरकारी वकिलाने आपली फाइल बचाव पक्षापुढे उघडायची. मला त्या १० दिवसांपेक्षा हा कायदा मोठा वाटतो.

आपल्याकडं याच्या जवळचं काहीतरी आलंय, आणि ते फार कमी लोकांना माहितीय. आपल्या कायद्यात आरोपीला चार्जशीटसोबत ते कागद मिळतात ज्यांच्यावर पोलीस विसंबून आहेत. जे त्यांना सोयीचे नाहीत ते बाजूला राहू शकतात. नाशिकचा अल्बम आठवा. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नियमांचा मसुदा ठरवून दिला, त्यात असं आहे की जप्त केलेल्या किंवा नोंदवलेल्या पण सरकारी पक्ष वापरत नसलेल्या जबाबांची, कागदांची, वस्तूंची यादीसुद्धा आरोपीला द्यायची. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात ते पुन्हा ठासून सांगितलं. साधी यादी. पण यादीत "साक्षीदाराने फोटोतून चौघांना ओळखल्याचा जबाब" अशी एक ओळ असती, तर कुठलाही नवशिका वकील तो कागद मागून घेईल. आणि यादीत ती ओळच नसली, तर मग "नजरेतून सुटलं" म्हणायला जागा कमी राहते, कारण यादीवर कुणाची तरी सही असते. दुसरं कुलूप मी मघाशी सांगितलं ना, "मुद्दाम" सिद्ध करण्याचं? ते उघडायची किल्ली ही यादी आहे.

म्हणून तुमच्या घरात, गावात कुणावर केस असेल, आणि आपल्या भागात पारधी वस्त्यांवर, भटक्या समाजातल्या पोरांवर संशयाने केस होणं काही नवीन नाही, इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला तरी नजर गेली नाही, तर वकिलाला एवढंच विचारा: "साहेब, न वापरलेल्या कागदांची यादी मिळाली का? नसेल तर अर्ज करता का?" वकील चमकून बघेल. बघू दे. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. कोठडीतल्या माणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि ज्यांच्यावर केस नाही, फक्त मोबाइल आणि थोडा वेळ आहे, त्यांच्यासाठी काम. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात ऑनलाइन करता येतो. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्ज गृह विभागाला करा, अभियोग संचालनालयालाही करा. "का केलं नाही" असं विचारू नका, माहिती अधिकारात कारणं मिळत नाहीत, रेकॉर्ड मिळतं. म्हणून रेकॉर्ड मागा: २०१४ च्या किशनभाई निकालानुसार नेमलेल्या समितीच्या आदेशाची प्रत. गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या किती केसेस या समितीने तपासल्या, तो आकडा. त्यातून किती पोलीस अधिकाऱ्यांवर आणि किती सरकारी वकिलांवर कारवाईची शिफारस झाली, ते दोन आकडे वेगवेगळे. आणि ५ मार्च २०१९ च्या निकालानंतर गृह विभागाने दोषी अधिकारी ओळखण्यासाठी काय केलं, त्या पत्रव्यवहाराची प्रत.

मी माझा अर्ज या आठवड्यात टाकतोय. तुम्ही टाकलात तर अर्ज क्रमांक जपून ठेवा. उत्तर आलं, किंवा "माहिती उपलब्ध नाही" असं आलं, तरी फोटो पाठवा, स्वतःचा पत्ता झाकून. दोन महिन्यांनी सगळी उत्तरं एका भागात वाचून दाखवतो.